आडव्या शिरा

फत्तेसिंग राऊळाच्या काळजाच्या तिन्ही मोठ्या नळ्या बंद आहेत ही बातमी सारंगखेड्यात पसरली, तेव्हा लोक धीर द्यायला म्हणून आले आणि अभिनंदन करून परत गेले. असं फक्त फत्तेसिंगच घडवून आणू शकत होता. सहासष्ट वर्षांचा हा घोडेवाला ओसरीवरच्या खाटेवर बसायचा, आल्यागेल्याला चहा पाजायचा आणि नंदुरबारच्या दवाखान्यात आपल्या डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगायचा. अल्पना डॉक्टरीणबाईंनी त्याचं हृदय पडद्यावर दाखवलं होतं. मोठ्या नळ्या तुंबलेल्या, पण त्यांच्या शेजारून बारीक बारीक आडव्या शिरा फुटलेल्या आणि त्यांतून रक्त जायचं तिथे जातंय. मोठ्या पाटात गाळ भरला तरी पोटचाऱ्यांनी रान भिजावं, तसं. बाई म्हणाल्या होत्या, काका, तुमच्या हृदयाने स्वतःचं बायपास स्वतःच करून घेतलंय, गोळ्या घ्या आणि रोज चाला.

या एका वाक्यावर फत्तेसिंग फुगला तो फुगलाच. आधीच मिशीला पीळ, त्यात डॉक्टरचं सर्टिफिकेट.

बाई आणखीही बोलल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या की अशा शिरा सगळ्यांना फुटत नाहीत. कोणाचं शरीर अडचण आली की नवी वाट काढतं, कोणाचं काढत नाही, आणि ते बरंचसं जन्माने आलेल्या जीन्सवर असतं. मुलाला ते मिळालं असेलच असं नाही, कारण त्याच्यात निम्मं बापाचं, निम्मं आईचं. हे सगळं शांतीबाईने ऐकलं होतं, कारण नवऱ्याच्या शेजारच्या स्टुलावर तीच बसली होती. फत्तेसिंगने मात्र पहिला अर्धा भाग खिशात घातला आणि दुसरा दवाखान्यातच ठेवून आला.

अर्धंच उचलायची त्याची खोड जुनी. घोड्यांच्या बाजारात मारवाडकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडी एक म्हण असते, ‘माँ पे पूत, पिता पे घोडा, बहुत नहीं तो थोडा थोडा.’ म्हणजे पोरगा आईवर जातो, घोडा बापावर, फार नाही तर थोडा तरी जातोच. फत्तेसिंगने जन्मभर त्यातलं घोड्याचंच तेवढं वापरलं. शिंगरू विकायला काढलं की त्याच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव धडाधड म्हणून दाखवायचा. घोडीचं नाव कोणी विचारलं तर म्हणायचा, पेटीत काय ठेवलं ते विचारा, पेटी कुठली ते कशाला. शहाद्याचा चांदमल, जो यात्रेत घोड्यांच्या साजाचं दुकान लावायचा, तो त्या दिवसांत भेटायला आला होता. फत्तेसिंगने त्यालाही काळजाची गोष्ट ऐकवली आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणाला, पिता पे घोडा.

चांदमल हसत म्हणाला, “पूरी बोलो ना, दरबार.”

पहिला अर्धा बायकांना खूश करायला असतो, असं फत्तेसिंग म्हणाला आणि ओसरी हसली. आत चुलीपाशी शांतीबाईचा चहा उतू गेला.

ती का दचकली हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ नये म्हणून तर त्रेचाळीस वर्षं खपली होती.

शांतीबाईचं माहेर तळोद्याकडचं. ती सतरा वर्षांची असताना तिचा बाप खळ्यावर उभ्याउभ्या छातीला हात लावून खाली बसला आणि बसल्या जागी संपला. बेचाळीस वर्षांचा गडी, अंगाने पहाडासारखा. त्याच्या आधी त्याचा थोरला भाऊ असाच गेलेला. तेराव्यानंतर पोरीच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा काका म्हणाला की असं सांगत फिरलो तर या घरात सोयरीक जोडायला कोणी यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा बाप घोड्यावरून पडून गेला असं सांगायचं ठरलं. आईने देव्हाऱ्यासमोर तिच्याकडून शपथ घेतली. तिने काकाला विचारलं होतं की पुढे कळलं तर. काका म्हणाला, “खोड दखाडीसन कोणी घोडी इकस का?”

मग ती सारंगखेड्याला आली, घोडेवाल्यांच्याच घरात. सासऱ्याने तिच्या बापाबद्दल हळहळ व्यक्त केली होती. रजपूत माणसाला घोड्यावर मरण आलं, याहून चांगलं काय, असं तो म्हणाला होता, आणि शांतीबाईने पदर पुढे ओढून मान हलवली होती. पुढे तिचा धाकटा भाऊ सुरतेला एकोणचाळिसाव्या वर्षी कारखान्याच्या दारात कोसळला. तोही अपघात म्हणून सांगितला गेला. खोट्याला खोट्याची साथ लागतेच.

पवन तिचा एकुलता एक. एकेचाळीस पुरे होऊन चार महिने झालेले. वर्षं मोजायची सवय तिला नव्हती, पण अलीकडे ती मोजायला लागली होती.

पवन बोलायला कमी, कामाला वाघ. बापासमोर मान खाली. बापाने उठ म्हटलं की उठायचा, बस म्हटलं की बसायचा. शिंगरांना माणसाळवणं, त्यांना पाठ न हलवता झपझप चालायची रेवाल चाल शिकवणं, यात्रेत रिंगणात दोर धरून घोडा पळवून दाखवणं, हे सगळं त्याचं. श्रावण सरला तसं त्याच्या छातीत दुखायला लागलं. घोडा दोन फेऱ्या फिरवला की थांबायचा, जबडा चोळायचा, म्हणायचा पित्त झालंय. त्याची बायको रिना दोंडाईच्याची, बारावी शिकलेली. तिने एकदा दुपारच्या जेवणाला सासऱ्याच्या ताटात भाकरी वाढतावाढताच सांगितलं की यांना नंदुरबारला नेऊन दाखवायला पाहिजे.

फत्तेसिंगने भाकरी मोडली आणि सुनेला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. आमच्या काळजाला नळ्या बंद पडल्याने काही होत नाही. ते आपली वाट काढतं. डॉक्टरीण स्वतः म्हणाली की हे रक्तात असतं. पवनचं दुखतंय म्हणजे शिरा फुटताहेत. शिंगराला दात येताना ताप येतो की नाही? आणि त्या बाईने मला काय सांगितलं, चाला. म्हणजे दम लागू द्यायचा. दम लागल्याशिवाय शिरा फुटणार कशा?

दुसऱ्या दिवसापासून पवनचा रतीब सुरू झाला. कमकुवत शिंगराला दम भरवायची या घराची एक रीत होती. त्याला मोठ्या घोडीच्या मागे दोराने बांधायचं आणि तापीच्या काठाने रोज थोडं लांब, थोडं जोरात पळवायचं. टिकलं ते टिकलं. न टिकणारं शिंगरू कोणाला हवंय? हीच रीत फत्तेसिंगने पोटच्या पोराला लावली. दोर बांधला नाही एवढीच काय ती माया. सकाळी तो स्वतः घोडीवर बसायचा आणि पवन मागून पळायचा. पवन थांबला की तो घोडी वळवून जवळ यायचा आणि पुन्हा पळायला लावायचा.

“पय,” तो म्हणायचा. “दम लागना की नव्या शिरा फुटतस.”

गाव बघायचं आणि हसायचं. चाळिशी उलटलेला पोरगा बापाच्या घोडीमागे धापा टाकत पळतोय, यात हसण्यासारखं होतंच. शांतीबाई घाटाच्या पायरीवर उभी राहून बघायची. तिच्या जिभेवर यायचं आणि ती गिळायची. आपण बोललो तर त्रेचाळीस वर्षांच्या संसारात आपण कोण ठरू, हा विचार तिला आधी यायचा आणि पोराचा नंतर. हे कबूल करायला नंतर तिला फार जड गेलं, पण खरं होतं ते एवढंच.

डिसेंबर लागला. दत्तजयंतीची यात्रा आठ दिवसांवर आली. फत्तेसिंगची तपासणी होती म्हणून पवनने गाडी काढली, शांतीबाईही बरोबर गेली. दवाखाना पहिल्या मजल्यावर. पवन वर पोचला तेव्हा त्याचा शर्ट भिजला होता आणि ओठ पांढरे पडले होते. अल्पना डॉक्टरीणबाईंचं बापापेक्षा लेकाकडेच लक्ष गेलं. त्यांनी त्याला झोपवून हृदयाचं कार्ड, म्हणजे ईसीजी, काढलं. कार्डात आत्ता काही नाही, त्या म्हणाल्या, पण कार्ड चांगलं आलं म्हणून सगळं चांगलं असं नसतं. जिना चढून असं होत असेल तर अँजिओग्राफी करायला हवी. त्यांनी घरातली माहिती विचारायला सुरुवात केली आणि फत्तेसिंगने घोडा विकायला काढावा तशी वंशावळ मांडली. माझा बाप अठ्ठ्याऐंशीचा होऊन गेला, आजा त्र्याण्णवचा, आणि मी तुमच्यासमोर बसलोय.

बाईंनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून शांतीबाईकडे वळल्या.

“आई, तुमच्या माहेरी कोणी हृदयाच्या आजाराने गेलं का? कमी वयात?”

खोलीत पंखा फिरत होता. फत्तेसिंग तिच्याकडे बघतही नव्हता, तिच्या माहेरात बघण्यासारखं काही असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. पवन शर्टाची बटणं लावत होता. दार उघडं होतं, वाट मोकळी होती, विचारणारी भली बाई होती. एवढं सोपं देवाने पुन्हा कधी केलं नसतं.

“नही,” शांतीबाई म्हणाली. “मन्हा बाप घोडावरथीन पडना व्हता.”

बाईंनी तेही लिहून घेतलं. तरी त्यांनी बजावलं की आठवड्याच्या आत या, तोवर धावपळ बंद. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी पवनच्या खिशात घातली. फत्तेसिंगने यात्रेनंतरची तारीख मागून घेतली आणि जिना उतरताना पोराला म्हणाला की बाईमाणूस आहे, घाबरते.

यात्रेचे पहिले चार दिवस पवन रिंगणात उतरला नाही. रिनाने त्याला तंबूतच बसवून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी एक बडं गिऱ्हाईक येणार होतं आणि त्याला फत्तेसिंगचा काळा घोडा दाखवायचा होता. घोडा पवनच्या हातचा, दुसऱ्या कोणाला दोर धरू देत नसे. फत्तेसिंगने हुकूम दिला. रिना नवऱ्यासाठी दूध आणायला बाहेर गेली होती. पवन बाहेर घोडा तयार करत होता, तंबूत फत्तेसिंग आणि शांतीबाई दोघंच होती. चुलाणावर चहा होता.

शांतीबाईने चहाचं भांडं खाली उतरवलं आणि एकदाचं बोलली.

“मन्हा बाप घोडावरथीन पडना नही. छातीवर हात ठेईसन बसना आन् तठेच गया. बेचाळीसना व्हता. भाऊबी तसाच गया. पवनले पळाडू नका.”

तिला वाटलं होतं तो हात उगारेल. तेही चाललं असतं. मार खाऊन पोरगा वाचला असता तर तिने सुखाने खाल्ला असता. पण फत्तेसिंगने तिला पायापासून डोक्यापर्यंत नुसतं पाहिलं. यात्रेत घोडीचा पाय उचलून खूर बघावा, दात उघडून वय बघावं, तसं सावकाश. त्रेचाळीस वर्षांत त्याने तिला इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं.

“खोड दपाडीसन दिन्ही तुले,” तो म्हणाला, खोड लपवून गळ्यात मारली म्हणून. घोड्याच्या धंद्यात आपण कधी कोणाकडून फसलो नाही असं ज्याने सगळ्या खानदेशात मिरवलं, तो स्वतः घरात फसला होता, आणि ते त्याला पोराच्या जिवापेक्षा जास्त लागलं. फेटा बांधता बांधता तो पुढे म्हणाला, “आज समजी जाई, पोऱ्या कोनावर गया ते.”

ती त्याच्या मागे धावली. बाहेर पवन नवा अंगरखा घालून घोड्याच्या मानेवर हात फिरवत उभा होता. तिने त्याची बाही धरली. जाऊ नको म्हणाली. का म्हणून सांगायला तोंड उघडलं, तर रिंगणाच्या दोराभोवती चारशे माणसं उभी. त्यात सोयरेधायरे, त्यात तिच्या माहेरची दोन घरं, त्यात तिच्या चौदा वर्षांच्या नातीला पुढे ज्या घरांतून मागणी यायची ती घरं. जे एकदा नवऱ्यापुढे बोलली ते चारशे लोकांपुढे तिच्या घशातून निघेना. पवनने हळूच बाही सोडवली.

“एकच फेरी शे, माय,” तो म्हणाला.

पहिली फेरी सुरेख झाली. काळा घोडा मान उंचावून तुरुतुरु चालत होता, पाठीवर पाण्याने भरलेला पेला ठेवला असता तर सांडला नसता. पवन दोर धरून बाजूने पळत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाइकाने मान डोलवली, म्हणजे काम झालं होतं. फत्तेसिंगने बोट वर केलं. आणखी एक. दुसऱ्या फेरीत पवनचा डावा हात अंगाला चिकटला. तो तोंडाने श्वास घेत होता. बापासमोरून जाताना तो थोडा हसला, शाळेतलं पोरगं पाठ म्हणून झाल्यावर मास्तराकडे बघून हसतं तसं. शांतीबाईला वाटलं, आता बस म्हणेल. फत्तेसिंग पोराचा चेहरा बघत होता, एकटक, आणि त्याने पुन्हा बोट वर केलं.

तिसऱ्या फेरीत, अर्ध्यावर, पवन गुडघ्यावर आला. मग तोंडावर पडला.

गोळी! शांतीबाई तंबूकडे धावली. जुना शर्ट खांबाच्या खिळ्याला टांगलेला होता, गोळी त्याच्या खिशात. ती घेऊन परतली तेव्हा लोक कोंडाळं करून उभे होते. काळा घोडा पवनपासून हातभर अंतरावर थांबला होता, त्याच्यावर पाय पडू दिला नव्हता. आणि फत्तेसिंग? फत्तेसिंगच्या हातात घोड्याचा दोर होता. माणूस पडला की आधी घोडा धरायचा, मोकळं जनावर गर्दीत घुसलं तर अनर्थ, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. पोराला उताणं केलं ते दुसऱ्याच कोणीतरी, पाणी मारलं ते दुसऱ्यानेच. शांतीबाईने लेकाचं तोंड उघडून जिभेखाली गोळी ठेवली. ती तिथे तशीच राहिली, विरघळली नाही.

दारावर लोक बसायला येऊ लागले. फत्तेसिंग रडला, नाही असं नाही. पण चौथ्या दिवसापासून त्याच्या जिभेला पुन्हा धार आली. आपली चूक पोटात घालायला ज्याला जागा नसते, तो खापर फोडायला डोकं शोधतो, आणि डोकं घरातच होतं. तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागला की सासरवाडीचं रक्त सडकं निघालं. तिचा बाप असाच गेला, भाऊ असाच गेला, आम्हाला फसवून दिली. माझं रक्त असतं तर पोरगा दहा फेऱ्या पळाला असता. चांदमल आला तेव्हाही त्याने हेच सांगितलं आणि सुस्कारा सोडून म्हणाला, माँ पे पूत. आता त्याला म्हणीचा पहिला अर्धा आठवला होता आणि दुसरा तो विसरला होता.  चांदमल उठला, जोडे घातले आणि गेला.

रिनाने दाराआडून सगळं ऐकलं. ती सासूपाशी आली आणि एवढंच विचारलं की तुम्हाला आधीपासून माहीत होतं का. शांतीबाई हो म्हणाली.  तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रिना पोरीला घेऊन दोंडाईच्याला निघून गेली आणि पुन्हा त्या दोघांशी बोलली नाही.

महिन्याभराने शांतीबाई एसटीने एकटी नंदुरबारला गेली. नातीसाठी तरी खरं सांगायला पाहिजे होतं. अल्पना डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बाप, चुलता, भाऊ, वयं, आणि पोरीला काय तपासण्या करायच्या ते कागदावर लिहून दिलं. तो कागद धाडायला रिनाचा पत्ताही लिहून घेतला. मग पवनची फाइल काढून जुन्या पानावर घोड्यावरून पडल्याचं जे लिहिलं होतं त्याच्यावर रेघ मारली.

“त्या दिवशी हे सांगितलं असतं,” त्या हळू म्हणाल्या, “तर मी त्यांना घरी जाऊ दिलं नसतं.”

शांतीबाई उठली. तिने पायात चपला घातल्या. तिला जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं होतं.

घर रिकामं पडलं तसा फत्तेसिंग आतून ढासळायला लागला. घोड्यांना बघेना. बोलायला कोणी येईना, कारण लोकांनी रिंगणात पाहिलं होतं की त्याने कोणाला आधी धरलं. रात्रंदिवस त्याच्या डोळ्यांपुढे ते वर केलेलं बोट यायचं. उन्हाळ्यात एकदा भाकरी समोरून सरकवून तो म्हणाला की आता बस, आता मला जगणं नको. गोळ्या घेईना, उशीखाली सारायला लागला. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की काका, तुमचं हृदय छान चाललंय. आडव्या शिरा आणखी बळकट झाल्यात. गोळ्या आणि चालणं सोडू नका, अजून दहा-बारा वर्षांना हरकत नाही.

फत्तेसिंग दवाखान्यातच ढसाढसा रडला. बाईंना वाटलं आनंदाने. शांतीबाईला मात्र नीट कळलं आणि त्या दिवशी परतीच्या वाटेवर तिचं ठरलं.

तेव्हापासून ती त्याचं जे करते ते गावात कोणी बाईने नवऱ्याचं केलं नसेल. सकाळी उठल्याबरोबर गोळ्या. आपल्या हाताने त्याच्या जिभेवर ठेवते, पाणी पाजते, गिळल्यावर तोंड उघडायला लावून बघते. मीठ तोलूनमापून. तूप बंद, तळलेलं बंद, तंबाखूची डबी तिने तापीत टाकली. शेजारणी म्हणतात, अशी सेवा करणारी बाई मिळायला भाग्य लागतं. ती ऐकते आणि उद्याच्या गोळ्या मोजून ठेवते.

आणि मग चालायला नेते. यात्रेचं मैदान एरवी ओसाड असतं, रिंगणाच्या जागी नुसती धूळ आणि दोराचे खुंट. फत्तेसिंग पहिल्या दिवशी तिथे पाय ठेवायला तयार नव्हता. नदीकाठाने जाऊ म्हणाला, पाया पडतो म्हणाला. शांतीबाईने ऐकलं नाही. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि इथे जमीन सपाट आहे, एवढंच ती म्हणाली. तीन फेऱ्या, रोज, आणि ती त्याच्या बरोबरीने चालते. तिसऱ्या फेरीत अर्ध्यावर ती जागा येते. तिथे त्याचे पाय आपोआप थांबतात, तो छातीला हात लावतो आणि वाट बघतो. काही होत नाही. आतल्या त्या बारीक शिरा इमानदारीने आपलं काम करत असतात.

तिलाही तिथे उभं राहवत नाही. तिच्या कानात तिचंच ‘नही’ वाजतं, पंखा फिरत असलेल्या खोलीतलं. पण ती उभी राहते, त्याचा दम खाली बसेपर्यंत. मग त्याचा दंड धरते.

“चाला,” ती म्हणते. “दम लागना की नव्या शिरा फुटतस.”